कमिटीत कोण बसतं? ख्रिस्ती संस्थेत सगळ्या समाजांतून नेतृत्व उभं करताना

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक भरले सुमारे 10 लाख 80 हजार. राज्याच्या लोकसंख्येत एक टक्काही नाही. पण एवढ्यातही किती तऱ्हा! वसईचे सामवेदी आणि वाडवळ, मुंबईचे ईस्ट इंडियन आणि कोळी, नगर-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती, नवापूरचे मावची, सातपुड्यातले भिल, पुण्या-मुंबईत दोन-तीन पिढ्या मुरलेले तमिळ, मल्याळी आणि तेलुगू, गोव्या-मंगळुरूकडचे कोकणी बोलणारे, शिवाय शिक्षणाला आणि नोकरीला आलेले मिझो, नागा, खासी.

आता एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यालयात डोकावून बघा. गावोगाव फिरणारे सुवार्तिक (धर्मप्रचारक) एका समाजाचे, हिशेब बघणारे दुसऱ्या, आणि विश्वस्त बहुतेक सगळे एकाच ओळखीच्या वर्तुळातले. कुणी ठरवून केलेलं नसतं. भाचा, जावई, सेमिनरीतला (पाळक घडवणाऱ्या शाळेतला) वर्गमित्र, 'आपल्याच मंडळीतला (चर्चमधला) मुलगा' अशी भरती होत होत तीस-चाळीस वर्षांत हे चित्र तयार होतं. ते तसंच राहू द्यायचं नसेल, तर मात्र ठरवूनच काम करावं लागतं.

नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी हे लिहितोय: नुकतेच सेक्रेटरी झालेले, बदलून आलेले पाळक (पास्टर), धर्मग्राम परिषदेत (कॅथलिक पॅरिशच्या समितीत) निवडून आलेले, संस्थेत भरतीचं काम गळ्यात पडलेले. सगळ्या समाजांतल्या लोकांचा पारंपरिक पोशाखातला फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापणं सोपं आहे. चेकवर सही कोणाची चालते, हे बघितलं की खरं काय ते कळतं.

पायरी 1: आधी फक्त बघा आणि लिहून काढा

पहिले दोन-तीन महिने काही बदलू नका. एक वही घ्या आणि तीन याद्या करा. उपासनेला किंवा कार्यक्रमाला कोण येतं? राबतं कोण? ठरवतं कोण? तिसरी यादी करताना पदांची नावं विसरा आणि चार गोष्टी तपासा: मुख्य उपासनेत उपदेश कोण करतं, बँकेत सही कोणाची, मिशन कंपाउंडमधली घरं कोणाला मिळायची हे कोण ठरवतं आणि नवा माणूस घ्यायचा झाला की पहिला फोन कोणाला जातो.

शहरातल्या मंडळ्यांत एक गोष्ट हमखास सापडते. सकाळची उपासना मराठी किंवा इंग्रजी, आणि दुपारी तीन-चारला तीच इमारत तमिळ, हिंदी किंवा ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांच्या गटाला दिलेली. ते भाडं किंवा देणगी वेळच्या वेळी देतात, खुर्च्या लावून जातात, पण चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत त्यांचं कुणी नसतं. वर्षानुवर्षं ते 'पाहुणे' राहतात. तुमच्याकडे असं असेल तर कामाला सुरुवात इथूनच करता येईल. माणसं आधीच तुमच्या दारात आहेत.

इथे एक सावधगिरी हवी. 'जात' असा रकाना असलेला फॉर्म कधीही वाटू नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही, पण धर्मांतरित आदिवासींच्या सवलती काढून घ्याव्यात ही मागणी अधूनमधून जोर धरते. त्यामुळे कुणाचे कागद काय सांगतात, घरातल्या कुणाचं शिक्षण किंवा नोकरी कशावर उभी आहे, हा नाजूक मामला असतो. तुमच्या कपाटातला एक फॉर्म कुणाच्या तरी मुळावर येऊ शकतो. घरी कोणती भाषा बोलता, मूळ तालुका कोणता, कुटुंबात कितव्या पिढीपासून विश्वास आहे, घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच का, एवढ्या गप्पांतून तुम्हाला हवं ते कळतं. कळलेलं डोक्यात ठेवा, फाईलीत नको.

पायरी 2: कमिटीला पटवा, आणि ते शास्त्रातून

'विविधता धोरण' असा शब्द उच्चारलात की निम्मी कमिटी म्हणेल की हे परदेशी देणगीदारांचं खूळ आहे. दुसरी निम्मी म्हणेल, 'प्रभूमध्ये यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, मग आपण कशाला मोजायचं?' या दुसऱ्या वाक्याला तयारीने उत्तर द्यावं लागतं, कारण ते भक्तीच्या सुरात येतं आणि बहुतेकदा ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांच्याच तोंडून येतं.

बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 6 उघडा आणि बैठकीत सगळ्यांनी मिळून वाचा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. भांडण भाषेचं आणि भाकरीचंही होतं. प्रेषितांनी 'आपण सगळे एकच' असं सांगून ते मिटवलं नाही. सात जण निवडायला लावले, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प आणि पुढची सगळीच ग्रीक, शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी धर्म स्वीकारलेला. ज्या गटाची तक्रार होती, वाटपाची सूत्रं त्याच गटाच्या माणसांकडे गेली. अर्धी नाही, सगळी. आपल्या किती कमिट्यांना हे जमेल?

मग अध्याय 13 मधली अंत्युखियाच्या मंडळीतल्या संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची यादी घ्या. कुप्राचा बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल. परदेशी सेवेसाठी पहिली माणसं पाठवली ती या मिश्र मंडळीने.

बाहेरचे दाखले कमी पडले तर घरचे आहेत. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं आणि 1831 मध्ये नगरला स्थिरावलं. तिथल्या मंडळ्यांत पुढे मोठा भरणा झाला तो महार आणि मांग समाजांचा. पण 1850 च्या दशकात नगरला ज्या पहिल्या देशी पाळकांना दीक्षा मिळाली ते हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक, दोघेही ब्राह्मण घरांतले. त्यांच्या त्यागाबद्दल शंका नाही, घरदार सोडून आले होते ते. तरी बाकांवर कोण आणि वेदीपाशी कोण, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, ते यातून दिसतं.

कॅथलिक वाचकांना वेगळा दाखला देईन. भारतीय कॅथलिक बिशप्स कॉन्फरन्सने डिसेंबर 2016 मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे त्यात लेखी कबूल केलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला 2022 मध्ये कार्डिनल झाले, ते दलित समाजातले पहिले. एवढ्या वरच्या पातळीवर हे मान्य झालेलं असताना तुमच्या धर्मग्राम परिषदेने 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणावं, याला अर्थ नाही.

पायरी 3: जाहिरात नव्याने लिहा

आपल्याकडची नेहमीची जाहिरात अशी असते:

'पाहिजेत: प्रकल्प समन्वयक. पदव्युत्तर पदवी, इंग्रजीवर प्रभुत्व, पाच वर्षांचा अनुभव, तारण पावलेला, पाळकांचे शिफारसपत्र आवश्यक. अर्ज ईमेलने.'

एकेक शब्द तपासा. काम आहे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, बचत गट आणि आरोग्य शिबिरं बघण्याचं. इंग्रजीवर प्रभुत्व कशाला? देणगीदाराला तिमाही अहवाल पाठवायचा असतो म्हणून. तो अहवाल पुण्यातलं कोणीही मराठीवरून तयार करून देऊ शकतं. उलट भिली किंवा पावरी बोलता येणं ही खरी गरज, तिचा उल्लेखच नाही. पदव्युत्तर पदवी मागितलीत की त्या भागातली पहिल्या पिढीतली शिकलेली मुलं आपोआप गळतात आणि केरळ-तमिळनाडूतले एमएसडब्ल्यू झालेले अर्जदार तेवढे उरतात. त्या अर्जदारांचा दोष नाही, चाळणीच तशी लावलेली आहे.

शिफारसपत्राचीही एक गंमत आहे. मोठ्या मंडळीच्या पाळकांचं लेटरहेडवरचं पत्र वजनदार दिसतं. पाड्यावरच्या घरमंडळीला (कुणाच्या घरात भरणाऱ्या मंडळीला) लेटरहेडच नसतं. 'पाळक, मंडळीचे वडील, शाळेचे मुख्याध्यापक किंवा ज्यांच्याबरोबर काम केलं अशी कोणतीही दोन माणसं, फोन नंबरसह' एवढं लिहिलं की भागतं.

हीच जाहिरात मी अशी लिहीन:

'अक्कलकुवा तालुक्यातील कामासाठी समन्वयक हवा किंवा हवी. भिली किंवा पावरी बोलता येणं आवश्यक, मराठी लिहिता-वाचता यावं. बारावी किंवा पुढे. गटांबरोबर केलेल्या कामाचा अनुभव, मग तो मंडळीतला, बचत गटातला किंवा शाळेतला असला तरी चालेल. संगणक आम्ही शिकवू. पगार महिना इतके रुपये. अर्ज व्हॉट्सअॅपवर, हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल. मुलाखतीचा प्रवासखर्च संस्था देईल.'

पगाराचा आकडा छापाच. 'योग्यतेनुसार' असं लिहिलं की ज्याला घासाघीस करता येते त्यालाच जास्त मिळतं, आणि घासाघीस करायला कोण धजतं हे वेगळं सांगायला नको.

जाहिरात टाकायची कुठे? आपल्याच ग्रुपवर टाकली तर आपलेच येणार. नवापूर-नंदुरबारच्या मंडळ्यांचे ग्रुप, आदिवासी वसतिगृहांचे माजी विद्यार्थी, पुण्यातल्या सेमिनरींचे फलक, ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांचे प्रार्थनागट (फेलोशिप), सगळीकडे जाऊ द्या. आणि मुदत तीन आठवडे तरी ठेवा. आठ दिवसांच्या मुदतीत फक्त आधीपासून माहिती असलेल्यांचे अर्ज येतात.

पायरी 4: मुलाखत

मुलाखत घेणाऱ्यांत किमान एक जण उमेदवाराची भाषा जाणणारा हवा. बाकीच्यांनी पहिला प्रश्न इंग्रजीत टाकून 'जरा बघू' असा खेळ करू नये.

साक्षीच्या, म्हणजे आपण विश्वासाकडे कसे आलो ते सांगण्याच्या बाबतीत विशेष जपा. 'तुमची साक्ष सांगा' म्हटल्यावर शहरी युवक शिबिरांत वाढलेली मुलगी तारीख-वारासह, तीन मुद्द्यांत, डोळ्यांत पाणी आणून सांगते. तिला सवय असते. डोंगरातल्या पाड्यावरचा मुलगा म्हणतो, 'आई आजारी होती, प्रार्थना केली, बरी झाली, मग आम्ही जाऊ लागलो.' संपली साक्ष. पॅनेलवरचे लोक एकमेकांकडे बघतात. त्याला पुढचं विचारा: गावाने वाळीत टाकलं का, लग्नाला अडचण आली का, भगत काय म्हणाला, जमिनीच्या वाट्यात काही झालं का. मग कळतं की त्या तीन वाक्यांमागे काय काय दडलंय. 'पाचारण' (देवाने सेवेसाठी बोलावणं) या शब्दाचंही तसंच. ज्याच्या घरी पाळक कधी जन्मला नाही त्याला त्या भाषेत बोलता येत नाही, म्हणून पाचारण नाही असं समजू नका.

शक्य असेल तर मुलाखतीआधी एक दिवस कामावर बरोबर न्या. गटाच्या बैठकीत माणूस कसा वागतो, हे अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त सांगून जातं.

पायरी 5: मानधन आणि पगार

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि बहुतेक संस्था इथेच थांबतात. प्रार्थनेत समतेवर बोलायला कुणाची हरकत नसते. वेतनपत्रक उघडायला असते.

संस्थेचं वेतनपत्रक काढा. दोन शब्द शोधा: 'पगार' आणि 'मानधन'. कार्यालयातल्या लोकांना पगार, त्यावर प्रॉव्हिडंट फंड, रजा, कधी विमा. गावात फिरणाऱ्या सुवार्तिकांना, बायकांना बायबल शिकवणाऱ्या बायबलवुमनना, बालवाडीच्या ताईंना मानधन. काम पूर्ण वेळ, बारा-पंधरा वर्षं झालेली, पण कागदावर ते 'स्वयंसेवक'. आता याद्यांवर नावं बघा. मानधनाच्या यादीत आदिवासी आणि दलित घरांतले लोक, पगाराच्या यादीत बाकीचे, असं चित्र असेल तर तुमच्या संस्थेतली उतरंड तुम्हाला सापडली. ती मोडल्याशिवाय कमिटीवर एखादा आदिवासी सदस्य घेऊन काही होणार नाही.

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू होतो. मानधनवाल्यांना गाळून आकडा विसाच्या खाली ठेवायची युक्ती काही ठिकाणी चालते, आणि ती चालवणारे सकाळी उठून अर्पणाविषयी उपदेशही करतात. तुमच्या संस्थेत असं असेल तर चार्टर्ड अकाउंटंटला बसवून नियमित करून घ्या. एका झटक्यात सगळ्यांचा पगार वाढवणं परवडणार नाही हे मान्य. मग तीन वर्षांचा आराखडा करा: पहिल्या वर्षी नेमणूकपत्र आणि किमान वेतन, दुसऱ्या वर्षी फंड आणि रजा, तिसऱ्या वर्षी श्रेणी. आराखडा मानधनवाल्यांसमोर, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. कार्यालयात कुजबुज होईल, 'आमची वाढ थांबवून त्यांना देणार का?' काही काळ, हो. तसं स्पष्ट सांगा.

घरभाड्याचाही विचार करा. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला क्वार्टर्स, आणि तिथल्याच माणसाला 'तुझं तर घर आहे गावात', हा न्याय मला कधी कळला नाही.

पायरी 6: बैठकीची भाषा

मुंबईतल्या संस्थांत इंग्रजी वरचढ आणि मराठी खाली. मराठी ख्रिस्ती माणसाला हे लागतं, आणि लागायलाच हवं. पण तोच मराठी माणूस नवापूरला गेला की तिथे मराठी वरचढ होते आणि मावची खाली. 'यांचं मराठी शुद्ध नाही' असं म्हणत मंडळीतली बायबल वाचायची पाळी एकाच दोन घरांत फिरत राहते. दोन्हीकडे नियम एकच लावा: बैठक त्या भाषेत, जी खोलीतल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याला येते. इतरांनी शेजारी बसून भाषांतर करून घ्यावं.

कार्यसूची आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त चार दिवस आधी मराठीत पाठवा. आकड्यांचा तक्ता सोपा करा. ताळेबंद ऐन बैठकीत हाती देऊन 'काही शंका?' विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच. नव्या सदस्याशी आदल्या दिवशी फोनवर पंधरा मिनिटं बोललं तर तो बैठकीत बोलतो. आणि बोलला की अध्यक्षांनी 'छान' म्हणून पुढे जाऊ नये. त्याची सूचना त्याच्या नावासह इतिवृत्तात लिहावी.

दुसऱ्या राज्यातून येऊन इथे नेतृत्व करणाऱ्यांसाठी व्ही. एस. अजरया यांचं उदाहरण पुरेसं आहे. तमिळ माणूस, 1912 मध्ये दोरनाकलचे बिशप झाले, भारतीयांतले पहिले अँग्लिकन बिशप. दोरनाकल तेलुगू मुलखात. ते तेलुगू शिकले आणि तिथल्याच दलित समाजांतून पाळक घडवले. त्याआधी 1910 मध्ये एडिनबरोच्या परिषदेत त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सुनावलं होतं: तुम्ही आम्हाला सगळं दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. आपल्याकडे आलेल्या केरळ किंवा तमिळनाडूच्या बांधवांना हे सांगायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, मिझो विद्यार्थ्याला आपण कधी जेवायला घरी बोलावलं का?

पायरी 7: शिक्षणाची शिडी

'घ्यायला तयार आहोत हो, पण लायक माणूसच मिळत नाही.' हे वाक्य ऐकलं की विचारा, गेल्या दहा वर्षांत त्या समाजातल्या किती जणांना शिकायला पाठवलंत?

पुणे याबाबतीत नशीबवान आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी, युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, ज्ञानदीप, सगळं एका शहरात. पण यातलं बरंच शिक्षण इंग्रजीतून, आणि तीन-चार वर्षं घरापासून दूर. ज्याच्यावर आईबाप आणि भावंडं अवलंबून आहेत त्याला फक्त फी भरून चालत नाही. महिन्याला घरी काही रक्कम पाठवावी लागते, जाण्याआधी चार-सहा महिने इंग्रजीची तयारी करून घ्यावी लागते. घर सोडून जाणं शक्य नसेल तर सेरामपूरच्या सिनेटचे (ईश्वरविद्येच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचे) घरून करण्याजोगे अभ्यासक्रम आहेत.

स्त्रियांना इथे हमखास मागे ठेवलं जातं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींना आसरा दिला तो आपण सगळे सांगतो. त्यांनी त्या मुलींच्या हाती छापखाना दिला, हे सांगायचं राहून जातं. आपल्या महिला मंडळातल्या किती जणींना आपण हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवलं?

शिकून आलेल्याला पहिली नेमणूक त्याच्याच समाजात, त्याच्याच गावात देण्याचा मोह आवरा. आदिवासी पाळक म्हटला की आदिवासी मंडळी, तमिळ पाळक म्हटला की तमिळ उपासना, असं केलं तर कप्पे तसेच राहतात. मावची पाळकाने पुण्यातल्या मराठी मंडळीत तीन वर्षं काढावीत. मंडळीलाही शिकायला मिळेल.

पायरी 8: विश्वस्त मंडळ

विश्वस्तपत्र आणि घटना वाचा. बऱ्याच जुन्या संस्थांत 'अमुक मंडळीचा सभासद' किंवा 'संस्थापकांच्या कुटुंबातील' अशी अट असते. ती बदलायची तर वकिलामार्फत धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, वेळ लागतो, म्हणून लवकर सुरू करा. अट नसेल तर पुढच्या रिकाम्या जागेपासून सुरुवात होते.

एकटा माणूस घेऊ नका. एका वेळी दोघांना घ्या. एकटा सदस्य आपल्या सगळ्या समाजाचा वकील होऊन बसतो किंवा गप्प राहतो, आणि दोन्हींत त्याची दमछाक होते. दोघांपैकी एकाला वर्षभरात उपखजिनदार करा. खजिनदाराबरोबर बँकेत जाणं, व्हाउचर तपासणं, ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे सगळं त्याने करावं, म्हणजे दुसऱ्या वर्षी सहीचा अधिकार देताना कुणाला कारण काढता येणार नाही.

कागदपत्रं विसरू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. परदेशी देणगीची नोंदणी असेल तर केंद्राच्या पोर्टलवरही बदल कळवावा लागतो. काही संस्थांत नवा विश्वस्त ठरावात येतो, फोटोत येतो, पण बदल अर्ज कुणी भरतच नाही, आणि सरकारी दफ्तरात तो कधी विश्वस्त झालेलाच नसतो. वाद झाला की हे बाहेर येतं.

पायरी 9: तक्रार कुठे करायची

आडनावावरून गाव, गावावरून जात काढणं. ईशान्येकडच्या मुलीला 'तुम्ही काय काय खाता?' विचारून हसणं. 'तो आपल्यातला नाही' असं लग्नाच्या बोलणीत म्हणणं. हे सगळं मंडळीतही चालतं, आणि बहुतेक वेळा 'गंमत' म्हणून. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगा की असं झालं तर कुणाकडे जायचं. ती व्यक्ती पाळक किंवा संचालक असू नये, कारण तक्रार त्यांच्याचबद्दल असू शकते. बाहेरच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला किंवा वकिलाला विचारा.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती बंधनकारक आहेच. चर्चची संस्था म्हणून सूट नाही. त्या समितीवरही मानधनवाल्या ताईंपैकी एक जण असावी.

जुन्यांचं काय करायचं

नव्याला जागा द्यायची म्हणजे कुणाला तरी उठवावं लागतं, आणि उठणारे बरेचदा पंचवीस वर्षं पदराला खार लावून काम केलेले असतात. त्यांना पत्राने कळवू नका, घरी जा. मुदत संपण्याआधी वर्षभर सांगा. रविवारच्या उपासनेत त्यांचे आभार माना, शाल द्या, सल्लागार म्हणून वर्षातून एका बैठकीला बोलवा, पण मताचा अधिकार ठेवू नका. 'मानद अध्यक्ष' असं नवं पद काढून त्यांनाच सहीचा अधिकार चालू ठेवण्याची एक पळवाट नेहमी सुचवली जाते. तिला नकार द्या. बँकेत नव्या सह्यांचा ठराव त्याच महिन्यात पोहोचवा, आणि जुनी चेकबुकं परत घ्या.